मधूनच जाणारं नेट

पूर्ण बंद पडलेलं नेट परवडतं. तक्रार नोंदवायची, कंपनीचा माणूस येतो, कुठेतरी तार तुटलेली असते किंवा राउटर गेलेला असतो, तो बदलतो, विषय संपतो. छळतं ते मधूनच जाणारं नेट. मिनिट-दोन मिनिटं जातं, आपोआप परत येतं, आणि आपण फोन लावून, एक दाबा दोन दाबा करत खऱ्या माणसापर्यंत पोचेतो राउटरवरचे सगळे दिवे हिरवेगार झालेले असतात. पलीकडून उत्तर येतं, "मॅडम, आमच्या सिस्टिमला तुमची लाइन एकदम व्यवस्थित दिसतेय." त्या क्षणी तो खोटं बोलत नसतो, हीच तर पंचाईत.

आमच्याकडे हे बरेच दिवस चालू होतं. मी घरून काम करते. बोलता बोलता समोरचे चेहरे थिजायचे आणि पाठोपाठ आतल्या खोलीतून मुलाची आरोळी यायची, "आई, नेट गेलं परत!" मग जो राउटरच्या जवळ असेल त्याने बटण बंद करायचं, थोडं थांबायचं, चालू करायचं. नेट यायचं. ते बटणामुळे आलं की तसंही येणारच होतं, हे कळायला काही मार्ग नव्हता.

बंद-चालू करण्याला मी नावं ठेवत नाही. अडकलेला राउटर त्याने खरोखर मोकळा होतो. पण घरगुती राउटर आपली नोंदवही, म्हणजे लॉग, बहुधा तात्पुरत्या मेमरीत ठेवतो. वीज तोडली की ती पुसली जाते. बिघाड झाल्या झाल्या आपण सगळ्यात आधी पुरावाच धुऊन टाकतो, आणि नंतर विचारत बसतो की झालं काय. म्हणून शोधाला बसायचं ठरवलं तेव्हा पहिला हुकूम काढला तो बटणाला कोणी हात लावायचा नाही असा.

"मग नेट गेल्यावर मी काय करू?" मुलाने विचारलं.

"वेळ लिही."

राउटरशेजारी कागद चिकटवला. त्यावर जमा झालेल्या नोंदी अशा होत्या: "आत्ता", "परत", "गेम जिंकत होतो तेव्हा". माणसाच्या नोंदींवर विसंबण्यात अर्थ नव्हता. हे काम यंत्राकडेच द्यायला हवं होतं.

पिंग हा जुनाच प्रोग्राम. माइक मूस यांनी १९८३ साली लिहिला आणि आजही जवळजवळ प्रत्येक संगणकात असतो. दिलेल्या पत्त्यावर एक छोटं पाकीट पाठवायचं, उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते छापायचं, उत्तर आलं नाही तर तसं छापायचं, बस्स. त्याचा नेहमीचा वापर म्हणजे एखादा पत्ता टाकून "येतंय" की "येत नाही" एवढं बघणं. खरा उपयोग होतो तो एकाच वेळी वेगवेगळ्या अंतरावरचे पत्ते लावून ठेवले तर. मी वाटेवर तीन चौक्या बसवल्या. पहिली राउटरची स्वतःची, १९२.१६८.१.१. दुसरी, घराबाहेर पडल्यावर लागणारं कंपनीचं पहिलं यंत्र. त्याचा पत्ता ट्रेसराउट, म्हणजे वाटेत लागणाऱ्या यंत्रांची ओळीने यादी देणारा प्रोग्राम, चालवल्यावर दुसऱ्या ओळीत मिळतो. काही कंपन्यांची ही यंत्रं पिंगला उत्तर देत नाहीत, मग तिसऱ्या-चौथ्या ओळीतलं एखादं धरावं लागतं. आमचं मात्र देत होतं. तिसरी चौकी लांबची, ८.८.८.८, गूगलचा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारा. याशिवाय थोड्या थोड्या वेळाने एखाद्या संकेतस्थळाचं नाव विचारून त्याचा आकडी पत्ता मिळतो का, तेही नोंदवायला लावलं. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि सेकंदासकट वेळ यावी म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट लिहावी लागली. वेळेशिवाय ही सगळी नोंद निरुपयोगी आहे.

हे सगळं एका जुन्या लॅपटॉपवर चढवलं आणि तो लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला. वायफायवर नाही. का, तर नेट गेल्यावर पहिला संशय वायफायवर जातो आणि तो गैरलागू नसतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन, १, ६ आणि ११. आसपासच्या सगळ्यांचे राउटर त्याच तिघांत कोंबलेले, शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच, २.४५ च्या आसपास गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त, पण तिथल्या काही चॅनलवर रडारचा हक्क पहिला. राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं तर त्याला ते चॅनल सोडावं लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर बस्तान बसवण्याआधी निदान मिनिटभर नुसतं कान देऊन बसावं लागतं. तेवढा वेळ वायफाय गायब, आणि माणूस शिव्या घालतो कंपनीला. या सगळ्याचा विचार करण्याची गरज आहे की नाही, ते केबल लावल्यावर एका फटक्यात कळतं. केबलवरच्या लॅपटॉपचं नेट टिकून राहिलं आणि फोनचं गेलं, तर वायफाय. दोघांचंही एकदम गेलं, तर वायफाय सुटलं. आमच्याकडे दोघांचं एकदम जात होतं. वायफायला वाहिलेले सल्ले, राउटर उंचावर ठेवा, अँटेना उभी करा, चॅनल बदला, सगळे एकदम बाजूला पडले. हा केवढा दिलासा होता.

दुसऱ्या दिवशी नोंद उघडली. डोळ्यांना झोप आणणाऱ्या हजारो सारख्या ओळी, आणि मग मध्येच असं काही:

रात्री ९:४१:०७ ला राउटर १ मिलिसेकंद, कंपनीचं यंत्र ४, बाहेरचा सर्व्हर १८. ९:४१:०८ ला राउटर १ मिलिसेकंद, पुढचे दोघेही गप्प. राउटर प्रत्येक सेकंदाला इमानदारीत उत्तर देतोय आणि त्याच्या पलीकडे सगळं शांत. ९:४२:५० ला पुढचे दोघे एकदम परत.

असे प्रसंग बरेच होते. घरातलं जाळं शाबूत, घराबाहेर पडणारा धागा तुटतोय. नाव विचारण्यात एकट्याने अपयश आलंय असं कुठेही नव्हतं. आकडी पत्ते चालतायत आणि नावं मिळत नाहीत, असं असतं तर डीएनएस बदलून भागलं असतं. "डीएनएस बदलून बघ" हा सल्ला मला ज्याने त्याने दिला होता. जिथे आकडी पत्तेच गप्प होतात तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

नोंद तशीच खाली सरकवत गेले तर एक वेगळा प्रसंग दिसला. पहाटे एका क्षणी तिघंही गप्प. राउटरसुद्धा. एकाच सेकंदाला. आणि लॅपटॉपने स्वतःहून लिहून ठेवलेलं की नेटवर्कची केबल निघाली आहे. केबल कोणी काढली नव्हती, सगळे झोपलेले. केबल जागेवर असताना ती निघाल्यासारखी वाटते कधी, तर पलीकडचं यंत्रच बंद पडतं तेव्हा. शोधल्यावर असे आणखी काही प्रसंग सापडले, पहिल्या प्रकारापेक्षा कमी, पण होते.

म्हणजे एक सोडून दोन दुखणी होती. वरून बघणाऱ्याला दोन्ही अगदी सारखी. दोन-तीन मिनिटं नेट नाही, मग आपोआप हजर.

आता राउटरचा लॉग. त्याच्या बुडाच्या स्टिकरवर लिहिलेलं नाव आणि पासवर्ड टाकून त्याच्या पानावर शिरता येतं. दोन गोष्टी बघायच्या होत्या: राउटर किती वेळ सलग चालू आहे, आणि गडबडीच्या वेळेला त्याने काय लिहिलंय. पहिल्या प्रकारच्या प्रसंगानंतर सलग चालू असल्याचा आकडा तसाच पुढे वाढत असायचा. दुसऱ्या प्रकारानंतर तो शून्यापासून सुरू झालेला असायचा आणि लॉगची पहिली ओळ असायची १ जानेवारी १९७० ची. ही तारीख बघून दचकायला होतं, पण कारण साधं आहे. बहुतेक घरगुती राउटरमध्ये घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. सुरू झाला की तो युनिक्सच्या कालगणनेच्या शून्यापासून मोजायला लागतो, आणि ते शून्य म्हणजे १९७० चा पहिला दिवस. नेट मिळालं की कुठल्यातरी वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला विचारून आजच्या तारखेवर उडी मारतो. त्यामुळे लॉगची सुरुवात १९७० ला झालेली दिसली की समजायचं, राउटर मध्यंतरी मेला होता आणि पुन्हा उठलाय. लॉग अखंड असेल तर राउटर जिवंत होता, फक्त लाइन गेली होती. यापेक्षा सोपी खूण मला दुसरी सापडली नाही, आणि कस्टमर केअरच्या कुठल्याही प्रश्नात ती येत नाही याचं नवल वाटतं.

पहिला प्रकार आधी घेतला, कारण त्रास त्याचाच जास्त होता.

आमची जोडणी फायबरची, आणि लॉगिन होतं ते पीपीपीओई या पद्धतीने. १९९९ पासूनची पद्धत. राउटर नाव-पासवर्ड देऊन कंपनीच्या सर्व्हरशी एक सत्र उघडतो, आणि मग दोघं ठरावीक अंतराने एकमेकांना हाक मारत राहतात, आहेस ना, आहे. ओळीने काही हाकांना ओ मिळाली नाही की समोरचा गेला असं धरून सत्र मोडलं जातं आणि लॉगिन पहिल्यापासून. लॉगमध्ये नेमकं हेच लिहिलेलं होतं: उत्तर नाही, सत्र बंद, पुन्हा प्रयत्न, नकार, पुन्हा प्रयत्न, जोडलं. तो मधला नकारही समजण्यासारखा आहे. कधीकधी सर्व्हरच्या लेखी जुनं सत्र अजून चालूच असतं, मग तो त्याच नावाने आलेल्या नव्या सत्राला दारात उभं करत नाही. म्हणजे धागा तुटला असेल पाच सेकंदच, पण भोगायला लागतं दीड-दोन मिनिटं.

हाका का चुकतात, हा पुढचा प्रश्न. सत्राची ठरावीक मुदत असते आणि ती संपली की तुटतं, असंही असू शकतं. तसं असेल तर तुटण्याच्या वेळा घड्याळाला धरून येतात. डीएचसीपीने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याने आपोआप पत्ता देणाऱ्या पद्धतीने, पत्ता मिळत असेल तर तिथेही अशीच लय शोधता येते, कारण भाडेपट्टीची अर्धी मुदत झाली की यंत्र नूतनीकरण मागतं, आणि नाहीच मिळालं तर साडेसत्त्याऐंशी टक्क्यांवर पुन्हा. आमच्या वेळांना कसलीच लय नव्हती. एका तासात तीन, मग अर्धा दिवस काही नाही. लय नसणं हीसुद्धा माहिती आहे. ती बोट दाखवते प्रत्यक्ष तारेकडे, जोडाकडे, हातात धरता येण्यासारख्या कशाकडे तरी.

दिव्यांवर पाळत ठेवायला एक जुना फोन कामी आला. राउटरसमोर पुस्तकांना टेकवून उभा केला आणि चार्जर लावून चित्रीकरण चालू ठेवलं. नंतर पिंगच्या नोंदीतली वेळ बघून चित्रफीत बरोबर तिथे नेली. बत्त्या अशा वागत होत्या: एलओएस नावाचा दिवा, जो एरवी विझलेला असतो, तो लाल लुकलुकला. लगेच विझला. मग पॉन नावाचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि थोड्या वेळाने स्थिर झाला. इंटरनेटचा दिवा मात्र त्यानंतरही बराच वेळ बंद राहिला आणि सगळ्यात शेवटी लागला. एलओएस लाल म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाश यंत्राला वाचण्याइतका मिळत नाहीये. पॉन लुकलुकतोय म्हणजे प्रकाश आला, आता पलीकडच्या यंत्राशी ओळखपरेड चालू आहे. घरातल्या माणसांना दिसायचा तो नेहमी शेवटचा भाग, कारण राउटरपाशी पोचेपर्यंत लाल दिवा विझलेला असायचा. आणि कंपनीला फोन लागेपर्यंत सगळंच स्थिर.

राउटरच्या पानावर फायबरच्या माहितीत येणाऱ्या प्रकाशाची ताकद लिहिलेली असते, डीबीएम या मापात, नेहमी उणे आकड्यात. शून्याच्या जवळचा आकडा चांगला, लांबचा वाईट. या प्रकारच्या जोडण्यांत घरातल्या यंत्राला साधारण उणे ८ ते उणे २७ एवढ्या टापूत प्रकाश मिळायला हवा. उणे ८ च्या वर गेला तर डोळे दिपतात, उणे २७ च्या खाली गेला तर दिसेनासं होतं. आमच्याकडे आकडा होता उणे २६.४. चालतंय, पण कडेलोटाच्या टोकावर. हे माप साध्या चढत्या मोजणीचं नाही. दर तीन अंकांना प्रकाश निम्मा होतो. उणे २० आणि उणे २७ ऐकायला जवळचे वाटतात, पण प्रत्यक्षात सातच्या फरकाने प्रकाश एक पंचमांश उरतो.

पान उघडं ठेवून मी फायबरची तार भिंतीतल्या छिद्रापासून राउटरपर्यंत हाताने चाचपत गेले. तार पातळ, पांढरी, कपाटामागून आलेली. कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमागे ती जवळजवळ काटकोनात दुमडून खाली गेली होती, आणि ड्रॉवर पूर्ण आत ढकलला की त्याची मागची फळी नेमकी त्या दुमडीवर टेकत होती. ड्रॉवर बाहेर ओढला, पान ताजं केलं: उणे २४.९. ड्रॉवर आत ढकलला: उणे २६.५. जरा जोरात ढकलला, घरात इतर लोक ढकलतात तसा, आणि एलओएसचा दिवा माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला. मुलाला बोलावून पुन्हा करून दाखवलं. "म्हणजे माझ्या सॉक्समुळे नेट जायचं?" तो ड्रॉवर त्याच्या कपड्यांचा होता.

काचेच्या तंतूतून प्रकाश जातो तो आतल्या आत परावर्तित होत. वळण फार आखूड झालं की काही प्रकाश बाहेर झिरपतो. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा आखूड वळण देऊ नये असं मानतात. घरांसाठी म्हणून केलेल्या, वळण सोसणाऱ्या जातींमध्ये ही मर्यादा १० आणि साडेसात मिलिमीटरपर्यंत खाली येते. त्यातही गंमत अशी की लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर जास्त सांडतो. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, घरातून जाणारा १३१० चा. म्हणजे मार आधी बसतो तो आपल्याकडे येणाऱ्या प्रकाशाला.

तार मोकळी करून मोठ्या वळणाने फिरवली. आकडा उणे २४.८ वर थांबला. सुधारणा झाली, पण समाधान होण्याजोगी नाही. अजून कुठेतरी गळती होती. आता कंपनीला बोलवायला हवं होतं.

फोनवर नेहमीचा क्रम सुरू झाला. राउटर बंद करून चालू करा. केलं. मग, "मॅडम, एकदा मागचं रीसेटचं बटण टाचणीने दाबून धरा." याला मी ठाम नकार दिला. त्या बटणाने राउटर कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. लॉगिनचं नाव, पासवर्ड, व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या आपल्या कप्प्याचा) आकडा, सगळं जातं, आणि ते आपल्याकडे लिहिलेलं नसेल तर मधूनच जाणारं नेट कायमचं जातं. (सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो मी आधीच काढून ठेवला होता, तरीही.) मी म्हटलं, "येणारा प्रकाश उणे २४.८ आहे, वळण सरळ करण्याआधी २६ च्या खाली होता, एलओएस लाल होतो त्या वेळा माझ्याकडे आहेत, लिहून घेता का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग सूरच बदलला. "एक मिनिट होल्ड करा हं, फील्ड टीमला तक्रार पाठवतो." "नेट येतं-जातं" या तक्रारीला त्यांच्याकडे ठरलेली उत्तरं असतात, आकड्याला नसतात.

आलेला मुलगा कामाचा निघाला. आल्या आल्या राउटरकडे न बघता त्याने आधी तारेचं टोक मागितलं. हिरवा प्लग काढला, मीटरला लावला, तोंड वाकडं केलं. "ताई, टोक घाण आहे बघा." मी प्लगच्या टोकात डोकवायला गेले तर त्याने हात मध्ये घातला. "डोळा नका लावू. प्रकाश दिसत नाही, पण असतो." हा प्रकाश अवरक्त, डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे धोका कळतही नाही. प्रकाश वाहणारा काचेचा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटर जाडीचा. बोटाचा तेलकट ठसा किंवा धुळीचा एखादा कण त्यावर बसला की अर्धी वाट बंद. त्याच्याकडे पेनासारखं एक साधन होतं. टोकावर ठेवून दाबलं की आतली कोरडी फीत फिरते आणि टक् असा आवाज होतो. दोनदा टक् केलं. मग बाहेरच्या डबीतला जोडही उघडून साफ केला. जाता जाता एक सांगून गेला: हिरवा प्लग हिरव्यातच. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोघांना एकमेकांत बसवलं तर मध्ये फट राहते, प्रकाश वाया जातो आणि टोकं खराब होतात ती वेगळी.

आकडा आला उणे २०.३.

पुढच्या काही दिवसांत घरच्यांनी दिलेला निकाल: "काही फरक नाही, अजून जातंच." आणि इथे ती कंटाळवाणी नोंद कामी आली. राउटर बोलतोय आणि पुढचे गप्प, हा प्रकार फायबर साफ झाल्यापासून एकदाही नव्हता. उरले होते ते सगळे दुसऱ्या जातीचे, तिघं एकदम गप्प, लॉग १९७० पासून. नोंद नसती तर मीही म्हटलं असतं की फायबरची दुरुस्ती फुकट गेली, आणि कदाचित कंपनीशी भांडत बसले असते. एका तक्रारीखाली दोन बिघाड दडलेले असले की पहिला बरा केल्याचं कोणाला जाणवतच नाही.

राउटर स्वतःहून बंद होऊन चालू होतो याची कारणं मोजकी. वीज, उष्णता, सॉफ्टवेअर, किंवा राउटर म्हातारा झालाय. उष्णतेचा निकाल लवकर लागला. राउटर उघड्यावर होता आणि पहाटेच्या गारव्यातही पडत होता. सॉफ्टवेअर कंपनी आपणहून अद्ययावत करते, त्यात माझ्या हातात काही नव्हतं. राहिली वीज, आणि तिचा संशय यायला एक कारण होतं. नोंदी आणि घरातली कामं शेजारी ठेवली तर राउटर बहुतेकदा पडायचा तो कोणीतरी मोठं काही उतरवत असताना. पहाटेच्या त्या प्रसंगी मुलाच्या यंत्रावर गेमचं अपडेट उतरत होतं. काम वाढलं की राउटर जास्त वीज ओढतो, आणि ती मिळाली नाही तर कोसळतो.

अडॅप्टर कपाटामागेच कोंडलेला होता. हाताला चटका बसेल इतका नाही, पण बराच गरम, आणि कान लावला तर बारीक किणकिण ऐकू येत होती. मल्टिमीटरने पिनेवर १२.१ व्होल्ट दाखवले. हे माप फसवं आहे. पिन मोकळी असताना थकलेला अडॅप्टरही बारा व्होल्ट दाखवतो. त्याचं पितळ उघडं पडतं ते ओझं पडल्यावर. शिवाय आतला, वीज स्थिर ठेवणारा कपॅसिटर वाळत आला की बाहेर पडणारी वीज थरथरायला लागते, त्या थरथरीतली खोल बुडी काही मिलिसेकंदांची असते आणि साधा मीटर सरासरी दाखवून मोकळा होतो. राउटरच्या मेंदूला मात्र तेवढी बुडी पुरते. या कपॅसिटरचं आयुष्य उष्णतेशी बांधलेलं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा ठोकताळा आहे. कपाटामागे कोंडून ठेवलेल्या अडॅप्टरचं काय होणार?

त्यामुळे मोजत न बसता अडॅप्टर बदलून बघणंच शहाणपणाचं. व्होल्ट तेवढेच हवेत, बारा म्हणजे बारा. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कारण राउटर लागेल तेवढेच घेतो. जुना १ अँपिअरचा होता, नवा दीडचा घेतला. पिनेच्या आत धन आणि बाहेर ऋण आहे ना, ते दोन्हीकडच्या चिन्हावरून ताडून पाहायचं. आणि एक बारकावा, ज्याने माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो: या गोल पिना बाहेरून साडेपाच मिलिमीटरच्या असतात, पण आतलं भोक कधी २.१ चं तर कधी २.५ चं. २.१ च्या जागी २.५ ची पिन आरामात आत जाते, दिवाही लागतो, पण सैल बसते आणि जरा धक्का लागला की तुटक-तुटक वीज. नव्या अडॅप्टरची पिन बसवून हलवून पाहिली, घट्ट होती.

मग मुलाला सांगितलं, तुझा तो सगळ्यात मोठा गेम काढून टाक आणि परत उतरव. एरवी ज्याला मी विरोध करते ते काम आईच करायला सांगतेय म्हटल्यावर तो संशयाने बघत होता. गेम उतरला. वायफायवर, पूर्ण वेगाने, सोबत मी एक लांबलचक व्हिडिओ चालू ठेवलेला. पिंगच्या तिन्ही खिडक्यांत एकही ओळ चुकली नाही. राउटरच्या पानावरचा सलग चालू असल्याचा आकडा तेव्हापासून दिवसांत मोजावा लागतोय. जुन्या अडॅप्टरवर पट्टी चिकटवून "खराब, वापरू नये" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं, कारण तो अजूनही बारा व्होल्ट दाखवतो आणि कोणीतरी चांगला समजून कुठेतरी लावणार हे नक्की.

पिंगची नोंद मी बंद केली नाही. आता कधीमधी एक तिसराच प्रकार दिसतो: राउटर बोलतो, कंपनीचं पहिलं यंत्रही बोलतं, फक्त बाहेरचा सर्व्हर गप्प. बहुधा मध्यरात्रीनंतर, थोड्या वेळासाठी. बिघाड कंपनीच्या आत कुठेतरी, किंवा त्याही पलीकडे. त्यासाठी घरात हात लावण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे तेव्हा राउटर बंद-चालू करायलाही कोणी उठत नाही.